लाल टेपचा डबा

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली, आणि तोवरही बाईंच्या लाल शाईशिवाय माझ्या वहीचं एक पान गेलं नव्हतं. शब्दही साधेच येतात. जे येतात ते लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या.

किस्से कसे साठतात ते डब्याच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. आमच्या किचनमध्ये एक कपाट आहे, त्यात नुसती झाकणं आहेत. कुठल्या डब्यांची, कुणालाच ठाऊक नाही. टाकवतही नाहीत. रोज कपाट उघडलं की दोनचार अंगावर पडतात. किस्सेही तसेच पडतात.

किचन आत्याचं. अमेरिकेत, पार्सिपनीत एका ग्रोसरीच्या दुकानामागं भाड्यानं घेतलंय. आत्यानं वडिलांसाठी अर्ज केला होता, त्याचा नंबर लागायला इतकी वर्षं गेली की मी विशीला टेकलो, आणि त्यांच्याबरोबर बार्शीहून थेट इथं आलो. सकाळी भाज्या धुणं, चिरणं, फोडण्या, डबे भरणं हे माझं काम. आत्या पोळ्या बघते. नाना, म्हणजे आत्याचे यजमान, गाडीनं डबे पोचवतात. खाणारे बहुतेक कंप्युटरवाले. एकाच ऑफिसात आमचे आठ डबे जातात. सात साधे. आठव्याला लाल टेप.

तो लाल टेपचा डबा वसंतकाकांचा. पुण्याचे, वय पंचावन्न, त्या ऑफिसात मॅनेजर. दोन हजार सात साली त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट घातला. तेव्हापासून त्यांची भाजी वेगळ्या छोट्या कढईत, तेल कमी, मीठ चमच्यानं मोजून, आणि रोज पालक, चाकवत किंवा बीट. ती कढई फक्त मी हाताळायचो.

आणि यंदाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात सुनंदाकाकू, म्हणजे काकांच्या बायको, चार बायकांसमोर म्हणाल्या, "ह्यांचं प्रेशर उतरतच नाही. तो डबा भरणारा मुलगा आहे ना, नववीतून शाळा सोडलेला, त्याला लो सॉल्ट म्हणजे काय कळणार?"

मी तिथंच होतो. तिळगूळ वाटत होतो. मला पटकन बोलता येत नाही, तोंडात शब्द अडकतात. मी काकूंच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि "गोड बोला" म्हणालो!

म्हणून आता लिहितोय. लिहिताना कुणी मधे बोलत नाही.

*

पाण्याचा किस्सा आधी सांगतो, कारण माझं शिक्षण तिथून सुरू झालं.

आत्याची पद्धत अशी, की पालक आधी मोठ्या पातेल्यात उकडायचा, पाणी सिंकमध्ये ओतायचं, मग भाजी फोडणीला टाकायची. बीटाचंही तेच. "उग्रपणा जातो," आत्या म्हणते. तिची आई तसं करायची, म्हणून तीही करते.

एकदा मृणालताई मागच्या दारानं आपला डबा न्यायला आली. ती एका लॅबमध्ये रक्तवाहिन्यांवर काम करते, डॉक्टरेट वगैरे आहे, पण बोलते अगदी आपल्यातल्यासारखी. मी तेव्हा हिरवं पाणी ओतत होतो.

"अरे अरे अरे! दत्ता, काय करतोयस?"

मला वाटलं हात भाजला की काय. मी हात बघितला.

"हात नाही रे, पाणी! माल ओतून दिलास आणि चोथा ठेवलास!"

मग तिनं पेपर नॅपकिनवर पेनानं काढून दाखवलं. पालक, बीट, मुळ्याचा पाला यांत नायट्रेट असतं. ते पाण्यात विरघळतं, म्हणून उकडलं की बरंचसं पाण्यात उतरतं. खाल्लं तर रक्तात जातं आणि रक्तातून पुन्हा लाळेत येतं. जिभेच्या मागच्या भागावर जंतू राहतात, ते त्याचं नायट्राइट करतात. ते गिळलं की शरीरात त्यापासून एक वायू तयार होतो. तो रक्तवाहिनीला म्हणतो, बाई, जरा सैल हो. ती सैल झाली की प्रेशर उतरायला मदत होते. वाहिनीच्या आतल्या अस्तरावर बारीक सूज असते, तिलाही आराम पडतो.

"म्हणजे काकांना…"

"मदत होईल. जादू नाही. अजून खूप शोधायचंय," ती म्हणाली. "पालक खा आणि गोळ्या सोडा असं कुणी सांगितलं तर त्याला दारातूनच हाकल. पण पाणी ओतू नकोस."

आजवर मला कुणी नॅपकिनवर काढून काही समजावलं नव्हतं. शाळेत समजावण्यापेक्षा बाकावर उभं करणं सोपं असायचं. तो नॅपकिन माझ्याकडं अजून आहे.

तर दुसऱ्या दिवसापासून मी ते पाणी साठवायला लागलो. काकांच्या भाजीत घालून उरायचं, म्हणून त्यात सगळ्यांची कणीक भिजवली. पोळ्या हिरवट झाल्या. छान मऊ झाल्या.

बारा वाजून दहा मिनिटांनी फोन. काकांच्याच ऑफिसातला समीर, नागपूरचा.

"यार, पोळ्यांना बुरशी आलीय! पूर्ण ग्रीन! फूड पॉयझनिंग करता का?"

मी सांगायला लागलो, "समीरदादा, ते पालकाचं…" तोवर आत्यानं फोन हिसकावून पाच वेळा सॉरी म्हटलं.

हाच समीर! नाना शप्पथ सांगतात, याला त्यांनी सुपरमार्केटात हिरव्या टॉर्टियाचं, म्हणजे इथल्या पातळ पोळ्यांचं, पाकीट घेताना बघितलं. पालकाचाच! पाकिटावर पानाचं चित्रसुद्धा!

कंपनीनं केलं तर रॅप. मी केलं तर बुरशी!

*

अनुप त्याच ऑफिसातला, मुंबईचा. त्याला कुणीतरी ईमेल फॉरवर्ड केला. नायट्रेट म्हणजे विष, हॉट डॉगमध्ये घालतात, विहिरीच्या पाण्यात उतरलं तर लहान बाळं निळी पडतात, वगैरे. सगळं मोठ्या अक्षरांत.

त्यानं आत्याला फोन केला. "मावशी, तुमच्या भाजीत नायट्रेट असतं असं ऐकलं."

आत्या घाबरली. "अय्या, नाही हो! आम्ही असलं काही घालत नाही!"

मी खाणाखुणा करत होतो की आपण घालत नाही, ते असतंच. आत्या मला हातानं गप्प करत होती. शेवटी अनुपनं आपल्या डब्यातला पालक कॅन्सल केला. "मला बटाटाच देत जा. सेफ."

अनुप दर शुक्रवारी रात्री पेपरोनी पिझ्झा मागवतो. नायट्राइट घालून टिकवलेलं मांस, ज्याच्याबद्दल तो ईमेल होता, ते तो दर शुक्रवारी चीज लावून खातो. आणि भीती कुणाची, पालकाची!

मृणालताईला विचारलं. ती म्हणाली, दोन्हीत फरक आहे. मांसात ते नायट्राइट प्रथिनांबरोबर जास्त आचेवर तापतं, ते वाईट. भाजीत त्याच्याबरोबर क जीवनसत्त्व आणि बाकी बरंच चांगलं येतं. "पण हे ईमेलमध्ये मावत नाही ना!"

पुढचं ऐका. आत्यानं गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून मेनूच्या कागदावर ठळक छापून घेतलं, "आमच्या जेवणात नायट्रेट नाही." आणि त्याच्या बरोबर खाली मंगळवारचा मेनू: बीटाची कोशिंबीर, पालकाची पातळ भाजी!

मृणालताईनं तो कागद वाचला आणि पिठाच्या पोत्यावर बसली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मला हसू येत नव्हतं. माझी चिडचिड झाली होती. खरं सांगणारा किचनमध्ये एकच माणूस होता, आणि त्यालाच फोनला हात लावायची परवानगी नव्हती.

*

बीट खाऊन सकाळी लघवी लाल झाली म्हणून बाथरूममधून ओरडत आलेल्यांचे फोन मी किश्श्यांत धरत नाही. ते रोजचंच आहे.

*

गेल्या श्रावणात अनुपची आई आली, सहा महिन्यांच्या व्हिसावर. आल्याआल्या तिनं किचनला फोन केला. नेमका मी उचलला.

"श्रावणात पालेभाजी पाठवता तुम्ही? अमेरिकेत आलात म्हणून सगळं सोडलंत?"

"मावशी, अनुपदादांना आम्ही पालक पाठवतच नाही. बटाटा पाठवतो."

"मग हे त्याच्या ऑफिसातल्या काकांना पाठवता ते? अनुप सांगत होता, रोज पालेभाजी असते म्हणून."

अनुपला काकांच्या डब्यात रोज काय असतं ते कसं ठाऊक? हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. मी मावशींना समजावत बसलो, की पावसाळ्यात तिकडं पाल्यावर किडे असतात, चिखल असतो, म्हणून तो नेम बरोबरच आहे, पण इथला पालक कॅलिफोर्नियातून पिशवीत येतो, तीनदा धुतलेला. त्यात किडा सापडला तर बातमी होईल.

"नेम म्हणजे नेम," मावशी म्हणाल्या. मला ते पटलं. नेमाचा मी मान राखतो. मी म्हणालो, "बरं मावशी, तुम्ही आहात तोवर तुमच्याकडं कुठलीच पालेभाजी येणार नाही."

मग म्हणाल्या, "मेथी पाठव."

"मावशी, मेथी पालेभाजीच…"

"मेथी औषध असते. तुला काय कळतंय! पाठव उद्या, लसूण घालून."

*

आता माउथवॉश. हा किस्सा आठवला की अजून कानशिलं तापतात.

समीरला ऑफिसात क्लायंटसमोर लसणाचा वास नको असतो. म्हणून तो जेवणानंतर ते निळं औषध घेऊन खळाखळा चूळ भरतो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, शिवाय मीटिंगच्या आधी. एकदा शनिवारी डबे परत द्यायला किचनमध्ये आला, तेव्हाही खिशात बाटली!

आत्याला म्हणाला, "आंटी, माझंही प्रेशर बॉर्डरवर आलंय. काकांसारखा पालक मलाही चालू करा. ग्रीन पोळी मात्र नको."

मला बरं वाटलं. मी सगळं धैर्य गोळा करून म्हणालो, "समीरदादा, मग ते माउथवॉश इतक्या वेळा घेऊ नका. जिभेवर जे जंतू असतात ना, तेच पालकातलं नायट्रेट बदलतात. ते मेले तर पालकाचा निम्मा उपयोग जातो."

समीरनं माझ्याकडं असं बघितलं, जणू फ्रीजच बोलायला लागला!

"जिभेवर जंतू? शी! भाई, कुठल्या मेडिकल कॉलेजात होतास तू?"

आत्या हसली. मलाही हसावं लागलं.

पुढच्याच शनिवारी मृणालताई आणि समीर एका वेळी आले. तिनं त्याच्या हातातली बाटली बघितली आणि तेच सांगितलं. जिभेवरचे जंतू, नायट्रेट, पालक. शब्दसुद्धा तेच, कारण मी ते तिच्याकडूनच शिकलो होतो.

समीर म्हणाला, "वॉव! दिस इज सो इंटरेस्टिंग! हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही!"

मी तिथंच उभा होतो. हातात कोथिंबीर. ताईनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि म्हणाली, "दत्तानं सांगितलं असणार. हा विसरत नाही."

"हो का?" समीर म्हणाला, आणि बाटली कचऱ्यात टाकली. मोठ्या रुबाबात टाकली, जणू शोध त्यानंच लावला!

*

आता काकांचं. संक्रांतीनंतर पंधरा दिवसांनी सुनंदाकाकू किचनमध्ये आल्या. हातात रिपोर्ट.

"हे बघा," त्यांनी आत्याच्या पिठाच्या ओट्यावर कागद ठेवला. "प्रेशर वर. शरीरातल्या सुजेची टेस्ट असते, ती पण वर. डॉक्टरांनी विचारलं, काय खाता? मी म्हटलं, सकाळी ओट्स, रात्री माझ्या हातचं. दोन्ही मी मोजून करते. मधलं जेवण तेवढं तुमचं."

आत्यानं माझ्याकडं बघितलं.

मी छोटी कढई पुढं केली. काकूंनी चमचा घेऊन चाटून बघितलं. म्हणाल्या, "आज मी येणार ते कळलं असेल, म्हणून मीठ कमी."

त्या येणार हे मला कसं कळणार? मी मोजायचा छोटा चमचा दाखवला. काकू म्हणाल्या, "चमचा दाखवून काय होतं? चमच्यावर लिहिलेलं वाचता यायला हवं."

त्या चमच्यावर इंग्रजीत "वन फोर्थ" असं आकड्यांत लिहिलंय. एक वर, चार खाली. अपूर्णांक सहावीत होते. मला येतात!

पण हे सगळं मला त्या गेल्यावर सुचलं. समोर असताना मी एवढंच म्हणालो, "काकू, मी मीठ जास्त घालत नाही."

"मग काय आकाशातून पडतं?"

काकू रडायला लागल्या. तेव्हा मला कळलं, की त्या चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. स्टेंट घातला त्या दिवशी त्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एकट्याच बसल्या होत्या, मुलगा कॅलिफोर्नियात. त्यांना कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि मी सगळ्यात सोपा होतो. हे कळलं म्हणून राग गेला असं मात्र नाही. भीती त्यांची, आणि नाव माझं खराब!

आत्या म्हणाली, "दत्ता, पुढचा रिपोर्ट असाच आला तर लाल डबा मी भरीन. तू भांडी बघ."

भांडी घासायची मला लाज नाही. पण लाल डबा काढून घेतला की सगळ्या पार्सिपनीला एकच अर्थ कळणार, की त्या पोरानं वसंतरावांच्या जीवाशी खेळ केला.

त्या दिवसापासून मी भाजी झाली की आत्याला बोलवायचो. "आत्या, चव बघ." ती बघायची. "अळणी आहे रे," म्हणायची. मी डबा बंद करून लाल टेप लावायचो. नाना न्यायचे. संध्याकाळी डबा परत यायचा, पुसून घेतल्यासारखा रिकामा.

पुढचा रिपोर्ट आला. प्रेशर अजून वर. चव रोज आत्यानंच बघितली होती, म्हणून तिनं डबा लगेच काढून घेतला नाही.

मी मृणालताईला विचारलं, "ताई, नायट्रेट काम करत नाही का मग?"

ती विचार करून म्हणाली, "पोटात गेलं तर करेल."

मला वाटलं, ताईसुद्धा माझ्यावर शंका घेते. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

*

शेवटचा किस्सा एका गुरुवारचा.

नानांना कोर्टाचं ज्यूरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्यात पंच म्हणून बसायचं, बोलावणं आलं. टाळता येत नाही. डबे मला न्यावे लागले. नाना एरवी डबे खाली रिसेप्शनवर ठेवून परत फिरतात, वर कधी जात नाहीत. त्या दिवशी मी रस्ता चुकलो, अर्धा तास उशीर झाला. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, ते सगळे भुकेले वर लंचरूममध्ये बसलेत, वरच घेऊन जा.

मी गेलो. टेबलावर डबे ठेवले. "सॉरी," म्हणालो. कुणी वर बघितलं नाही, सगळ्यांचं लक्ष डब्यांकडं. मी कोपऱ्यात पाण्याच्या मशीनपाशी जाऊन पाणी प्यायला लागलो.

तिथून मला सगळं दिसलं.

आठही डबे उघडून टेबलाच्या मधोमध ठेवले गेले. आपल्याकडं ठेवतात तसेच. कुणाचा कुठला, काही राहिलं नाही. आणि सगळ्यांचे हात पहिल्यांदा गेले ते लाल टेपच्या डब्याकडं.

"काकांचा इकडं दे, काकांचा!" अनुप म्हणाला. अनुप! नायट्रेटला घाबरणारा! त्यानं पोळीच्या तुकड्यानं काकांचा पालक अर्धा केला. "यार, या डब्यालाच घरची टेस्ट असते. बाकी सगळं हॉटेलसारखं."

"मीठ फार कमी असतं त्यात," समीर म्हणाला, "पण लोणच्याबरोबर एकदम झकास."

मीठ कमी असतं! भर टेबलावर, सात माणसांसमोर, त्यानं सांगितलं! कुणीतरी ते लिहून द्यावं आणि खाली सही करावी असं मला वाटलं.

आणि वसंतकाका? काका सातांच्या डब्यांतून खात होते. बटाट्याची तेलातली भाजी, भजी, कुणीतरी घरून आणलेला पापड, लोणच्याचा खार. मजेत. सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. पालकाचा तळ राहिला तेव्हा समीर म्हणाला, "काका, थोडं तुम्हीपण घ्या ना." काका म्हणाले, "घे रे तू, तुझं बॉर्डरवर आहे. मला घरी तेच आहे."

मग त्यांना मी दिसलो.

पापड हातातच राहिला. ते उठले आणि मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. खांद्यावर हात ठेवला.

"दत्ता, काकूला सांगू नकोस बरं का."

"काका, काकू म्हणतात मी मीठ जास्त घालतो."

"हो, मला माहीत आहे."

त्यांना माहीत होतं! संक्रांतीपासून माहीत होतं!

"तुम्ही एकदाही बोलला नाहीत, काका."

"अरे, तू लहान आहेस. तुझं काय जातंय?" ते हळूच म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी खांद्यावरचा हात काढला. "तसं नाही रे. पण मी काय माझा डबा घेऊन कोपऱ्यात एकटा बसू? घरी बघ, माझी कढई वेगळी, ताट वेगळं, चमचा वेगळा. काकू माझ्या ताटातला घास घेत नाही, मला तिच्यातला देत नाही. कुणी आलं तर आधी सांगते, ह्यांचं वेगळं आहे हं. हॉस्पिटलातून घरी आलो, असं अजून वाटलेलं नाही मला. इथं बारा वाजले की ही पोरं ओढून नेतात. चला काका, डबा. तेवढंच आहे."

लिफ्ट आली. दार उघडलं, बंद झालं. मी आत गेलोच नव्हतो.

"पण काका, तुमची वाहिनी…"

"उद्यापासून बघू," काका म्हणाले, आणि परत गेले. लंचरूममधून हाक आली, "काका, भजी संपली हां!" आणि काका घाईनं चालायला लागले. स्टेंटवाला माणूस, भज्यांसाठी!

मी गाडीत बसलो. दहा मिनिटं किल्ली लावली नाही. इतके महिने मी चमच्यानं मीठ मोजलं, पाणी साठवलं, चार बायकांसमोर मान खाली घातली. आणि माझा पालक अनुपच्या पोटात! मला मृणालताईचं वाक्य आठवलं. पोटात गेलं तर करेल. ती माझ्याबद्दल बोलतच नव्हती.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. त्या आत्याशी बोलल्या. मी पलीकडं पातेलं घासत होतो. आत्यानं फोन ठेवला आणि म्हणाली, "उद्यापासून लाल डबा मी भरते, दत्ता. त्यांचा विश्वास राहिला नाही."

सांगून टाकावं असं जिभेवर आलं. काकांचा पापड धरलेला हात आठवला. मी म्हणालो, "उद्याचा एक दिवस मला दे."

"उद्या काय वेगळं होणार आहे?"

"एक दिवस दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याच्या आधी किचनमध्ये आलो. छोटी कढई वर फळीवर ठेवून दिली. सगळ्यात मोठं पातेलं काढलं. पालकाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या पिशव्या फोडल्या, धुतल्या, शिजवल्या, पाणी एक थेंब ओतलं नाही. मीठ त्याच छोट्या चमच्यानं मोजलं, आठ वेळा. बीटाची कोशिंबीर केली. पोळ्यांची कणीक हिरव्या पाण्यात भिजवली. त्या ऑफिसचे आठही डबे ओळीनं मांडले आणि एकसारखे भरले. बटाटा नाही, भजी नाही, लोणचं नाही.

मग लाल टेपचं रीळ काढलं.

आत्या आली तेव्हा सात डब्यांना टेप लावून झाली होती. तिनं एक एक झाकण उघडून बघितलं. शेवटी विचारलं, "अरे, यातला वसंतरावांचा कुठला?"

"जो उघडतील तो," मी म्हणालो, आणि आठव्याला टेप लावली.